खोलीत एकटी आहेस म्हणून

कांजिण्यांमुळे हॉस्टेलच्या खोलीत अडकलीस, झोप लागत नाही म्हणालीस, म्हणून लिहितेय.

२०२० मध्ये मी इंटर्न होते. कोविड वॉर्डाच्या ड्युटीनंतर क्वारंटाइन झाले. मावशी दाराबाहेर स्टुलावर डबा ठेवून लगेच मागे सरकायच्या. त्यांच्या चपलांचा दूर जाणारा आवाज ऐकला की रडू यायचं. आजाराची भीती कमीच होती गं, मला खाल्लं ते ‘आपण मागे पडलो’ या विचाराने. दिवसभर लोळायचं, पहाटे तीनला पुस्तक उघडायचं. झोप बिघडली की मन बिघडतं हे आपण शिकतो, पण स्वतःला लावत नाही.

तू सकाळी ठरल्या वेळी ऊठ, खिडकी उघडून उजेड घे. अभ्यास टेबलावरच कर, पलंगावर नको. आईला नुसतं ‘बरी आहे’ सांगू नकोस, खरं सांग. मानसोपचार विभागात गेले तर लोक काय म्हणतील, या भीतीने मी दोन महिने उगाच काढले. तू तसं करू नकोस. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर. मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की बाहेर येशील. तोवर रोज रात्री साडेनऊला मी फोन करते. उचल.