स्तुती ओठांवर येत नाही तेव्हा

"सर, माझ्या शंकेमुळेच देवाचं वचन अडलंय का?"

बाई पन्नाशीच्या. मुलगा भांडून घराबाहेर पडला त्याला तीन वर्षं झालेली. फोन नाही, पत्ता नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका जाणत्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "मिळालंच असं धरून आभार मान, नाताळपर्यंत तो दारात उभा राहील." असे दोन नाताळ येऊन गेले. आता उपासनेत स्तुतिगीत सुरू झालं की यांचा घसा दाटतो, ओठ हलत नाहीत. त्यावर पुन्हा दुसरी भीती: मी गात नाही, म्हणूनच तो येत नाही.

मी समुपदेशक. ही भीती माझ्याकडे अनेक रूपांत येते. कुणाची नोकरी, कुणाचं मूल, कुणाचा आजार. मागचा हिशेब मात्र तोच. स्तुती म्हणजे जणू हप्ता. चुकला की वचन रद्द.

पहिल्या भेटीत मी घाई केली. झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे विचारून घेतलं. तिथे गडबड असती तर आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. तसं काही नव्हतं, तेव्हा मी थेट, म्हातारपणी मुलाचं वचन मिळालेल्या अब्राहामावर उडी मारली. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की तो अविश्वासाने डळमळला नाही, देवाचा गौरव करत विश्वासात सबळ झाला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सर, तो तर हसला होता ना?"

मी गप्प. खरंच हसला होता. शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल का, असं मनाशी म्हणत उपडा पडून हसला, हे उत्पत्ती या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आहे. पुढच्याच अध्यायात तंबूच्या दाराशी त्याची बायको सारा हसते, वर "मी हसले नाही" म्हणते. देवाच्या सांगण्यावरून हारान हे गाव सोडलं तेव्हा अब्राहाम ७५ वर्षांचा, मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या पंचवीस वर्षांत हसणं आलं, मूल व्हावं म्हणून दासी हागार आली, बरंच काही आलं. पौलाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! तरी तो 'डळमळला नाही' म्हणतो. म्हणजे ते एखाद्या दुपारच्या मनःस्थितीबद्दल नाही, शेवटी तो कुणाकडे तोंड करून उभा राहिला त्याबद्दल आहे. आणि इसहाक या नावाचा अर्थच मुळी 'तो हसतो'. ज्या हसण्याची लाज वाटावी, तेच देवाने मुलाच्या नावात ठेवलं. हे ऐकून बाई पहिल्यांदा थोड्या सैल बसल्या.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "तुम्ही नेमकं कोणतं वचन धरून आहात?" आरशावर चिठ्ठी आहे म्हणाल्या, यिर्मया २९:११ (संदेष्टा यिर्मयाच्या पुस्तकाचा २९वा अध्याय, ११वं वचन). देवाचे संकल्प हिताचे आहेत, पुढच्या काळाची आशा देणारे आहेत. मी म्हटलं, आधीची वचनंही वाचू. तो अध्याय म्हणजे यिर्मयाचं पत्र, बाबेलला नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेलं. त्यात आधी सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. मग ७० वर्षांनी परत आणीन. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना तो परतीचा दिवस दिसणारच नव्हता.

त्याच्या आधीचा, २८वा अध्याय तर मला समुपदेशकांसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. यावर यिर्मया काय म्हणतो? "आमेन, परमेश्वर तसं करो." त्यालाही तेच हवं आहे. पण हवं असणं वेगळं आणि देवाने सांगितलेलं असणं वेगळं, हेही तो लगेच बोलून दाखवतो.

बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. "म्हणजे नाताळचं ते देवाचं नव्हतं?"

"देवाने ते सांगितल्याचं मला कुठे सापडत नाही. तुमची इच्छा मात्र खरी आहे. तिला तुम्ही रोज आमेन म्हणू शकता." मुलगा येईलच, असं मी म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मीही हनन्याच.

मग १३वं स्तोत्र वाचलं. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांत चारदा 'कोठवर?', आणि शेवटी गाणं. बाईंना म्हटलं, तुमचे 'कोठवर' लिहून आणा. त्यांनी अकरा आणले. खाली स्तुतीची ओळ लिहायला जागा सोडली होती, ती कोरीच. "खोटं लिहवेना," म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहेच. आणि तेही देवालाच हाक मारतं.

पाच आठवड्यांनी त्या कागदावर खाली एक ओळ आली होती: "अकराही तूच ऐकलेस." स्तुती म्हणून लिहिलीत का, असं मी विचारलं नाही.

मुलाचा पत्ता अजून नाही. आरशावरच्या चिठ्ठीत आता पाचवं आणि दहावं वचनही आहे, घरं बांधण्याचं आणि सत्तर वर्षांचं. गीत सुरू झालं की त्या अजूनही काही कडव्यांना थांबतात. शेजारची बाई वळून बघते, तर बघू देत, म्हणाल्या.