आधी पायरी, मग पाटी: दिव्यांग मंचाबद्दल वाचकांचे प्रश्न

कोल्हापूर शहरात आणि तालुक्यांत दिव्यांगांचा स्थानिक मंच कसा उभा करावा, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. वाचकांची नावं छापलेली नाहीत.

आम्ही नऊजण आहोत. दोघे अंध, चौघे अस्थिव्यंग, तीन पालक. मंच काढायचं पक्कं आहे. आधी नोंदणी करावी की काम? (राजारामपुरी)

आधी काम. निदान सहा महिने दर महिन्याला ठरलेल्या दिवशी बैठक घ्या, इतिवृत्ताची वही ठेवा, दोन-तीन प्रश्न धसास लावून बघा. कोण खरोखर येतं, कोण जबाबदारी घेतं, हे त्यातच कळतं. निवेदन द्यायला, तक्रार करायला, माहितीच्या अधिकारात अर्ज करायला नोंदणी लागत नाही. ती लागते पैसा आला की: वर्गणी, देणगी, बँक खातं.

नोंदणीच्या वेळी किमान सात सभासद लागतात. आपल्याकडे 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दोन्हीकडे नोंद होते. काम धर्मादाय कार्यालयातच होतं. नावाचे दोन-तीन पर्याय, उद्देश, नियमावली, सातही जणांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल तयार ठेवा.

खरी गोम नंतर आहे. कार्यकारिणीत कुणी बदललं, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ मंडळं तो देत नाहीत. मग पाच वर्षांनी बँक सही मान्य करत नाही, दोन गट आपापली यादी घेऊन उभे राहतात आणि मंच तारखांना लटकतो. हे एक काम नियमावलीत सचिवाच्या नावावर लिहूनच ठेवा.

नियमावली झेरॉक्सच्या दुकानातून आणू नका. तिच्यात हे हवंच: कार्यकारिणीत दोन तृतीयांश जागा स्वतः दिव्यांग असलेल्यांच्या, आणि त्या एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वाच्या नकोत. अंगठा सहीइतकाच ग्राह्य. फोनवरून किंवा व्हिडिओवरून हजर असलेला सभासद गणपूर्तीत धरायचा. आजारपणामुळे गैरहजर राहिल्यास सभासदत्व जाणार नाही. कोषाध्यक्ष अंध असेल तर बिनधास्त नेमा. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक किंवा एटीएम नाकारू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्ह्यात सेवा देणाऱ्या संस्था आहेत. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड तर राज्यभर माहीत आहे. वसतिगृह, शाळा, कृत्रिम पाय ही कामं मंचानं अंगावर घेऊ नयेत. माणसांना एकत्र आणून कायद्यानं जे द्यायचं ते देणाऱ्याकडून मिळवणं, हे मंचाचं काम. दोन्ही करायला गेलात तर दुसरं मागे पडतं, कारण वसतिगृहाचा खर्च रोज दारात उभा असतो.

बैठकीसाठी तालमीचा हॉल फुकट मिळतो. तीन पायऱ्या आहेत, पण उचलून न्यायला पोरं आहेत. चालेल का? (शिवाजी पेठ)

नाही चालणार. पोरं मनानं चांगली असतात, प्रश्न त्यांचा नाही. दगडी पायरीवर, त्यात पावसाळ्यात, खुर्चीसकट माणूस उचलताना एकाचा पाय घसरला की सगळेच पडतात. आणि ज्याला उचललं जातं तो सकाळपासून पाणी पीत नाही, कारण तिथे पुन्हा लघवीला कुणाला हाक मारायची हा प्रश्न असतो. दुसऱ्या बैठकीला तो येत नाही. विचारलं तर 'काम होतं' म्हणतो.

हिशेब करा. एका पायरीची उंची सात इंच धरली तर तीन पायऱ्यांचे 21 इंच होतात. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. 21 गुणिले 12 म्हणजे 252 इंच, एकवीस फूट. तालमीसमोर एवढी जागा रस्ता न अडवता मिळते का, टेप लावून बघा. मिळाली तर उताराची रुंदी चार फूट ठेवा, दोन्ही बाजूंना कठडा आणि खाली दोन इंचांची कड ठेवा, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. वर गुळगुळीत फरशी बसवू नका. खरबरीत सिमेंट किंवा रबरी मॅट बरी. वर दारासमोर पाच फूट लांब-रुंद सपाट जागा लागते, नाहीतर उतारावर उभं राहूनच दार ढकलावं लागतं आणि खुर्ची मागे घरंगळते. बऱ्याच ठिकाणचे रॅम्प इथेच फसतात. दिसतात रॅम्पसारखे, पण एकास पाचच्या चढाचे. त्यावर मोटारसायकल चढते, खुर्ची चढत नाही.

जागा एवढी मिळत नसेल तर तालीम सोडा आणि तळमजल्यावरची, एकाच पायरीची जागा शोधा. शाळेचा वर्ग, दूध संस्थेची खोली, मंगल कार्यालयाची पडवी, काहीही चालेल. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांची जाड फळी, खाली दर दोन फुटांवर टेकू, इतकंच लागतं. सुतार ती एका दिवसात करून देतो आणि ती टेम्पोतून नेता येते.

जागा बघायला जाताना खुर्ची वापरणाऱ्या सभासदालाच घेऊन जा. नुसत्या नजरेनं अंदाज चुकतो. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. जुन्या वाड्यांच्या दोन फळ्यांच्या दारात एकच फळी उघडी असते, तिथे दीड फूटसुद्धा मिळत नाही. दुसरी फळी वरखाली कडी काढून उघडता येते का ते पाहा. उंबरा असेल तर त्यालाही दोन्हीकडून पाचर लागते.

संडास आधी पाहा, हॉल नंतर. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर मधे भोक असलेली कमोड खुर्ची आणून ठेवा, भिंतीला आडवा दांडा ठोकून घ्या. साइड व्हील स्कूटर आणि तीनचाकी सायकली दारापर्यंत येऊ द्या. सभासद वडापनं (सामायिक जीपनं) येत असतील तर थांब्यापासून दारापर्यंतचं अंतरही मोजा. आणि वेळ ठरवताना सकाळ-संध्याकाळची दूध घालायची वेळ टाळा, नाहीतर गावाकडच्या सभासदाला सोडायला घरातलं कुणी मोकळं नसतं.

मूकबधिर सभासद एकदा येतात, पुन्हा येत नाहीत. (इचलकरंजी)

आधी शब्द बदलूया. कर्णबधिर म्हणा. ते मुके नाहीत, त्यांची भाषा हातांची आहे.

ते येत नाहीत कारण दोन तास त्यांच्यासमोर नुसती तोंडं हलत असतात. सोबत आलेली बहीण शेवटी कानाशी... म्हणजे हातानं दोन वाक्यांत सांगते, 'पुढच्या महिन्यात कलेक्टर कचेरीत जायचंय.' तो सारांश झाला, सहभाग नव्हे. घरची माणसं नकळत गाळून सांगतात. सांकेतिक भाषेचा दुभाषा वेगळा हवा. कर्णबधिर शाळेच्या शिक्षकांकडे विचारा, मानधन आधी ठरवा आणि चहाच्या आधी त्याची तरतूद करा. बैठक तासाभराची असेल तर मधे विश्रांती देऊन एक दुभाषा पुरतो. त्याहून लांब चालणार असेल तर दोघे लागतात आणि वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीनं उभे राहतात. थकलेल्या दुभाष्याच्या हातून निम्मं सुटतं.

दुभाष्याच्या मागे खिडकी नको. उजेड पाठीमागून आला की हात आणि चेहरा दोन्ही काळे दिसतात. एका वेळी एकानंच बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा. विषयपत्रिका दोन दिवस आधी छोट्या वाक्यांत लिहून पाठवा. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांना लेखी मराठी ही दुसरी भाषा असते, 'उपरोक्त विषयान्वये' तिथे उपयोगाचं नाही.

याच संदर्भात व्हॉट्सॲपचं. पत्राचा फोटो काढून गटात टाकला तर अंध सभासदाचा फोन तो मजकूर वाचून दाखवेलच असं नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तेच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तर फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला निव्वळ गिचमिड वाटतो. उलट आवाजी संदेश कर्णबधिरांसाठी कोरा. म्हणून गटाचा नियम एकच: प्रत्येक सूचना युनिकोड मराठीत टाइप केलेली असेल, फोटो किंवा आवाज हवा असल्यास तिच्या जोडीला.

मुलगा चोवीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. मंचाचं सभासदत्व त्याला मिळेल की त्याच्या वतीनं मला? (गडहिंग्लज)

त्याला. तो सज्ञान आहे आणि सभासद व्हायला पालकत्वाचा दाखला लागत नाही. तुम्हीही पालक म्हणून वेगळे सभासद व्हा. पालकांच्या जागा कार्यकारिणीत एक तृतीयांशपेक्षा जास्त नसाव्यात, हे आम्ही ठामपणे सांगतो. पालकांची तळमळ शंभर टक्के खरी असते, पण संख्या वाढली की बैठक मुलांविषयी होते, मुलांची राहत नाही. मतदानाला हिरवं आणि लाल कार्ड द्या, प्रश्न एका वेळी एकच आणि हो-नाहीचा ठेवा, त्याला उत्तराला वेळ द्या. त्याच्याऐवजी तुम्ही उत्तर देऊ नका. मालमत्ता किंवा बँकेसाठी कायदेशीर पालकत्व हा वेगळा विषय. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असलेल्यांनाच सभासद करायचं ना? (कागल)

नको. कार्डासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीची वाट पाहणाऱ्यांनाच मंचाची जास्त गरज असते. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्स, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित, हे सगळे त्यात येतात. त्यातल्या अनेकांना आपण दिव्यांगांत मोडतो हेच माहीत नसतं. 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नोकरीतल्या आरक्षणासारख्या सवलतींसाठी आहे, मंचासाठी नाही.

पुराच्या वेळी मंचानं काय करावं? आणि ग्रामपंचायत '5 टक्के निधी नाही' म्हणते, त्याचं काय? (शिरोळ तालुका)

2019 आणि 2021 पाहिलेल्या तालुक्याला हा प्रश्न सुचावा हे स्वाभाविक आहे. 2016 च्या कायद्याचं कलम 8 जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवण्याची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी टाकतं. मंचानं मेपर्यंत गावची यादी करून तहसीलदारांकडे द्यावी, पोच घ्यावी. यादीत नुसतं नाव आणि टक्केवारी नको. घर कोणत्या बाजूला, उठता येतं की पाटावरून न्यावं लागेल, कोणतं औषध चुकवून चालत नाही, कोणता शेजारी सोबत येणार, त्याचा फोन. प्रत्येकामागे दोन शेजारी लिहा, कारण पहिला त्या दिवशी जनावरं हलवत असतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. कोल्हापूर शहराच्या आसपासच्या मंचांनी खुर्ची वापरणाऱ्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना इशारा पातळीलाच हलवावं. 43 ची वाट पाहिली तर रस्ता जातो, आणि नावेत खुर्ची घेत नाहीत. शिरोळमध्ये कृष्णेचंही पाणी असतं, तिथे आपल्या गावचा जुना अनुभव धरून याहून आधी निघा. गाडीवरचा भोंगा कर्णबधिरांना ऐकू येत नाही. त्यांना मेसेज हवा आणि दारात माणूस हवा. पिशवीत प्लास्टिकच्या वेष्टनात कार्डाची प्रत, आठ दिवसांची औषधं, कॅथेटर, श्रवणयंत्राचे सेल. निवारा शाळेत असणार, तर तिथला रॅम्प आणि संडास एप्रिलमध्येच पाहून ठेवा.

निधीचं थोडक्यात. स्थानिक संस्थेनं स्वउत्पन्नाच्या 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, गाळेभाडं वगैरे, सरकारी अनुदान नव्हे. घरपट्टी आणि भाडं मिळून आठ लाख असतील तर 40 हजार होतात. 'नाही' म्हणाले तर भांडू नका, माहिती अधिकाराचा नमुना अ भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि विचारा: मागील तीन वर्षांचं स्वउत्पन्न, त्यावरची तरतूद, झालेला खर्च, लाभार्थींची यादी. अर्जात एकच विषय, शब्द 150 च्या आत, नाहीतर त्या कारणानं परत येतो. उत्तराला 30 दिवस. ते हातात घेऊन 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहा. मार्चमध्ये गेलात तर घाईघाईनं घेतलेल्या भांड्यांचे सेट वाटून हिशेब मिटवला जातो. तेव्हा आधीच ठराव मांडा: शाळेचा संडास, ग्रामपंचायतीचा रॅम्प, दोन श्रवणयंत्रं, असा नावानिशी. ठराव इतिवृत्तात आला की नाही, ते त्याच दिवशी वाचून बघा.