शब्दांची विचारपूस: हिंव आणि हिवाळा

प्रश्न: सराफ्यात गराडूचे तळलेले कंद दिसू लागले की आजी म्हणायची, 'हिंवाळा आला.' तिच्या वहीतही अनुस्वार आहे. हिंव म्हणजे हिम, म्हणजे बर्फच ना? मग आपल्या माळव्यात हा शब्द कसा रुळला? – एक वाचक, इंदूर

उत्तर: हिंव म्हणजे गारठा, बर्फ नव्हे. संस्कृत 'हिम'चाही एक जुना अर्थ थंडी, हिवाळा असाच आहे. ऋग्वेदात शंभर वर्षांचं आयुष्य मागताना 'शतं हिमाः' म्हटलंय, म्हणजे शंभर हिवाळे. लॅटिनमधला 'हिएम्स' हा याचाच भाऊबंद, आणि त्याचाही अर्थ हिवाळा.

आजीचा अनुस्वार अगदी बरोबर. दोन स्वरांमधला 'म' प्राकृतातून मराठीत येताना सैल पडतो आणि नाकात म्हटलेला 'व' होतो: ग्राम–गांव, नाम–नांव, तसं हिम–हिंव. पुढे हा नाकातला उच्चार गेला. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वारही काढले, म्हणून आज 'हिवाळा'.

शेवटच्या 'आळा'त मात्र 'हिमालय'मधला 'आलय' शोधू नये. उन्हाळा, पावसाळा शेजारी ठेवून बघा. तिन्हींत जागा नाही, काळ आहे. 'काल'मधला क गळाला, ल चा ळ झाला. गुजरातीतला 'शियाळो' याच साच्याचा, फक्त तिथे सुरुवातीला 'हिम'ऐवजी 'शीत' आहे. राजस्थान-माळव्याकडे खरिपाला 'सियालू' म्हणतात, कारण ते पीक थंडीच्या तोंडावर हाती येतं. शब्द ऋतूचा, पण हिशोब कापणीचा. किती नेमकी नजर आहे ही!

हिवतापातलं 'हिव' ऋतूचं नाही. 'हिंव भरणं' म्हणजे थंडी वाजून अंग थडथडणं. तसा ताप तो हिवताप. एरवी मलेरियाचा जोर तर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो.

इंदुरी मराठीत आणखी एक घोटाळा होतो. हिंदीत 'सर्दी' म्हणजे थंडीही आणि पडसंही, कारण फारसी 'सर्द' म्हणजे थंड. मराठीने त्यातलं पडसं तेवढं घेतलं. तेव्हा 'आज फार सर्दी पडली' असं लिहिलंत, तर पुण्याचा वाचक अडखळेल. तिथे 'थंडी पडली' लिहा. नाक गळत असेल तर 'सर्दी झाली'.