बडोद्याला पहिल्यांदाच येताय ना?

दोन दिवसांत सगळं बघायचा हट्ट सोडा, नवखे तिथेच फसतात. तीनच ठिकाणं धरा.

फतेहसिंह म्युझियम: राजा रविवर्म्याची चित्रं. सोमवारी बंद असतं.

कीर्तिमंदिर: नंदलाल बोसांची भित्तिचित्रं.

तांबेकर वाडा: हा चुकवलात तर माझ्याशी बोलू नका! 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा. भिंतींवर कृष्णलीला, आणि शेजारीच इंग्रज-मराठे लढाई. जवळ जाऊन एकेक चेहरा बघा.

मंगळबाजार शेवटी. आम्ही आधी गेलो आणि पिशव्या सांभाळत चित्रं बघितली. पहिल्या दुकानात पाकीट काढू नका, भाव करा. फाइन आर्ट्स कॉलेज, सयाजीबाग पुढच्या खेपेला. सेवउसळ मात्र याच खेपेला, तर्री बेतानं घ्या.