लोड बॅलन्सरला ‘भारसंतुलक’ म्हणावे का?

भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्या कॉलेजच्या मुलांसाठी नेटवर्किंगच्या नोट्स मराठीत लिहीत आहेत. तीन सर्व्हर, म्हणजे विनंत्यांना उत्तर देणारे संगणक, आणि त्यांच्यापुढे त्या विनंत्या वाटणारा एक लोड बॅलन्सर, ही रचना समजावताना त्यांनी ‘भारसंतुलक’ असे लिहिले. त्यावर एका मुलाने विचारले, “मॅडम, हे भारनियमनाचं यंत्र हाय का?” मग दुसरा कोणता शब्द घ्यावा?

मुलाचे काही चुकले नाही. आपल्या गावांत ‘भार’ हा शब्द विजेचा झाला आहे. भारनियमन म्हणजे लाइन जाणे, मोटर बंद पडणे. अक्षरशः पाहिले तर ‘भाराचे नियमन’ हा अर्थ लोड बॅलन्सिंगच्या फार लांब नाही, पण त्या शब्दाला अंधार चिकटला तो चिकटलाच. ‘बोजा’ घ्यावा तर तो सातबाऱ्यावर चढलेला असतो.

माझी खरी हरकत ‘संतुलना’वर आहे. त्यात तुला आहे, म्हणजे तराजू. दोन्ही पारडी सारखी झाली की काम झाले. लोड बॅलन्सर असे काही करत नाही. आलेली विनंती कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची, एवढेच तो ठरवतो. एक सर्व्हर जुना आणि लहान, दुसरा नवा आणि दणकट असेल, तर सारखे वाटणे हीच चूक ठरते. म्हणून एचएप्रॉक्सी किंवा एनजिनएक्स या हे काम करणाऱ्या प्रोग्राममध्ये सर्व्हरच्या ओळीत ‘वेट’, म्हणजे वाट्याचा आकडा, लिहितात. लहानाला १ आणि मोठ्याला ३ दिले, तर दर चार विनंत्यांतल्या तीन मोठ्याकडे जातात. हे तोलणे नाही, वाटणे आहे. म्हणून क्रियेला ‘कामवाटप’ म्हणावे. यंत्राला किंवा प्रोग्रामला ‘लोड बॅलन्सर’च राहू द्यावे. मुलांना उद्या नोकरीत तोच शब्द लागणार आहे.

आता ‘राउंड रॉबिन’, म्हणजे सर्व्हरना पाळीपाळीने काम देण्याची पद्धत. पूर्वी इंग्रज खलाशी तक्रारअर्जावर गोलाकार सह्या करत, म्हणजे पहिली सही कोणाची हे कप्तानाला कळू नये. तिथे हा शब्द वापरत. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. आमचे वावर मौदा तालुक्यात, पेंचच्या कालव्यावर आहे. रब्बीत गव्हाच्या ओलितासाठी पाणीअर्जाचा नमुना ७ भरायचा, क्षेत्र मंजूर झाले की शेजपाळीत, म्हणजे पाणी देण्याच्या पाळ्यांच्या क्रमात, नाव लागायचे आणि पाटकरी पाळी आली की पाणी सोडायचा. शेजपाळी! किती नेमका शब्द आहे हा, आणि पाटबंधारे खात्याच्या कागदाबाहेर कोणी त्याला हात लावत नाही. ज्याचे मंजूर क्षेत्र जास्त, त्याच्या वावरात पाणी जास्त वेळ चालते. हेच ‘वेट’ नाही तर काय? उपमेत एक गोष्ट उलटी आहे, ती मुलांना सांगून टाकावी: पाणी प्रत्येक कास्तकाराला हवे असते, सर्व्हरच्या वाट्याला येते ते काम. पण पाळीचा हिशेब तोच.

‘लीस्टकॉन’ नावाच्या पद्धतीत मात्र शेजपाळी मोडते. तिथे ज्या सर्व्हरवर त्या घडीला सर्वांत कमी कनेक्शन उघडी आहेत, त्याच्याकडे पुढचे काम जाते. कनेक्शन बराच वेळ उघडी राहत असतील तर हीच पद्धत बरी. याला मी साधे ‘मोकळा पाहून देणे’ म्हणेन.

‘हेल्थ चेक’ला ‘आरोग्य तपासणी’ लिहू नका, मुलांना दवाखाना आठवेल. ‘हजेरी’ लिहा. एचएप्रॉक्सी दर २ सेकंदांनी हजेरी घेतो, लागोपाठ ३ वेळा उत्तर नाही आले तर त्या सर्व्हरला पाळीतून काढतो आणि २ वेळा नीट उत्तर आले की परत घेतो. हे आकडे मुळात ठरलेले आहेत, ते बदलता येतात. पण सर्व्हरच्या ओळीत ‘चेक’ हा शब्द लिहिलाच नसेल तर हजेरीच होत नाही आणि मेलेल्या सर्व्हरकडे विनंत्या जात राहतात. धुरा, म्हणजे बांध, फुटलेल्या धानाच्या बांधीत पाणी सोडत राहावे, तसे. नोट्समध्ये ही ओळ ठळक करा.

आणि ‘ड्रेन’. दुरुस्तीसाठी एखादा सर्व्हर काढायचा, तर त्याला नवे काम द्यायचे नाही, हातातले मात्र पुरे होऊ द्यायचे. याला कोणी ‘निचरा’ म्हणेल, आणि निचरा आपोआपही होतो, पण ‘निचरा करा’ म्हटले की पाणी काढून टाकणेच आठवते. इथे तर वाट पाहायची आहे. आपल्याकडे पूर येतो आणि ओसरतो. ‘दुसरा सर्व्हर ओसरू द्या, मग बंद करा,’ असे लिहून पाहा.