वाचकांचे प्रश्न : इंग्रजीचा न पाहिलेला उतारा आणि स्वतःचे वाक्य

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे सातवी-आठवीत पोहोचलेल्या मुलाने या भाषेसोबत सहा-सात वर्षे घालवलेली असतात. तरीही परीक्षेत पुस्तकाबाहेरचा उतारा आला किंवा चार वाक्ये स्वतःची लिहायला सांगितली की पुष्कळ मुले थांबतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. धड्यांची प्रश्नोत्तरे तो गाइडमधून पाठ करतो आणि घटक चाचणीत बरे गुण मिळवतो. परंतु अनोळखी उतारा आला की तो प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतो आणि तो शब्द ज्या वाक्यात सापडेल ते अख्खे वाक्य उतरवून काढतो. मला स्वतःला इंग्रजी फारसे येत नाही. घरी सराव कसा घ्यावा? – एक आई, बार्शी

उत्तर : आपण मुलाच्या वहीकडे इतक्या बारकाईने पाहिले आहे, की निम्मे निदान आपल्या पत्रातच आहे. शब्द शोधून वाक्य उतरवण्याची ही पद्धत मुले आळसाने वापरत नाहीत. ‘कोण’, ‘कुठे’, ‘केव्हा’ अशा प्रश्नांना त्या वाटेने अनेकदा गुण मिळतात, म्हणून ती अंगवळणी पडते. ती फसते ती ‘का’ आणि ‘कसे’ या प्रश्नांना.

एक छोटा उतारा येथे मुद्दाम देवनागरीत देत आहे, म्हणजे तो आपल्यालाही वाचता येईल. मुलाने वहीत तो इंग्रजी लिपीत लिहून घ्यावा. ‘मीना लिव्हज इन अ स्मॉल व्हिलेज. शी वॉक्स टू स्कूल एव्हरी डे. लास्ट वीक इट रेन्ड हेवीली अँड द ब्रिज वॉज अंडर वॉटर, सो शी स्टेड ॲट होम फॉर टू डेज.’ आता प्रश्न असा : ‘व्हाय डिड मीना स्टे ॲट होम?’ शब्द शोधणारा मुलगा ‘लास्ट वीक’पासूनचे सगळे वाक्य उतरवील. त्यात कारण आहे खरे, पण प्रश्नाचे उत्तर त्याने वेगळे काढलेले नाही, आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसते. उताऱ्यात ‘सो’च्या आधी कारण आहे आणि नंतर परिणाम. उत्तर लिहिताना ही मांडणी उलटवून ‘बिकॉज’ वापरायचे असते : ‘मीना स्टेड ॲट होम बिकॉज द ब्रिज वॉज अंडर वॉटर.’ ‘सो’ आणि ‘बिकॉज’ यांची ही अदलाबदल मुलाने पाच-सहा वेगवेगळ्या वाक्यांवर करून पाहिली, तर ‘व्हाय’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांची भीती पुष्कळ कमी होते.

याच उत्तरात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि माझ्या मते सातवीच्या मुलासाठी तीच सर्वांत मोलाची आहे. प्रश्नात ‘डिड स्टे’ आहे, उत्तरात ‘स्टेड’ झाले. ‘डिड’ निघून गेले की भूतकाळाची खूण क्रियापदावर येते. ‘डज’ निघून गेले की क्रियापदाला ‘एस’ लागतो. ‘हाऊ डज मीना गो टू स्कूल?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘मीना गोज’ असे सुरू करूनही नेमके जमत नाही, कारण उताऱ्यात ‘वॉक्स’ आहे. तेथे ‘मीना वॉक्स टू स्कूल’ हेच नेटके उत्तर आहे. उत्तराचा सांगाडा प्रश्नातून घ्यायचा आणि आशय उताऱ्यातून घ्यायचा, हे मुलाला एकदा उमगले की पूर्ण वाक्यात उत्तर लिहिण्यासाठी पाठांतराची गरज उरत नाही.

आपल्याला इंग्रजी येत नसले तरी सरावातला महत्त्वाचा भाग आपणच घेऊ शकता. मुलाला उतारा पेन्सिल हाती न घेता शेवटपर्यंत वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी थांबू नये, कारण पुढचे वाक्य अनेकदा मागच्या शब्दाचा अर्थ सांगते. मग पुस्तक मिटवून ‘यात काय झाले ते मला सांग’ असे मराठीतच विचारा. त्याने गोष्ट नीट सांगितली, तर त्याचे वाचन ठीक आहे आणि अडचण फक्त लेखनात आहे. गोष्टच सांगता आली नाही, तर उतारा त्याच्यासाठी कठीण आहे आणि आणखी प्रश्नसंच सोडवून घेण्यात अर्थ नाही; सोपे वाचायला द्यावे. पाचवी-सहावीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी काठिण्यपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक मराठीतही आहेत, इंग्रजीतही. तीच गोष्ट आधी मराठीत आपण वाचून दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी मुलाने इंग्रजीत वाचावी. रोज वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज असावीत. रविवारी सलग तीन तास बसवल्याने हा लाभ होत नाही. गाइड फेकून देऊ नका. फक्त त्याने स्वतः उत्तर लिहिल्यानंतरच ते उघडावे, असा घरचा नियम असू द्या.

प्रश्न : मी आठवीत आहे आणि शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहे. पेपर दोनमध्ये इंग्रजीचे उतारे वाचण्यात माझा वेळ जातो आणि बुद्धिमत्ता चाचणीचे शेवटचे प्रश्न राहून जातात. काय करू? – एक विद्यार्थिनी, कणकवली

उत्तर : तुझ्या पेपरचा हिशोब आधी मांडू. पेपर दोनमध्ये तृतीय भाषेचे, म्हणजे तुझ्या इंग्रजीचे, २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नाला सव्वा मिनिटाहूनही किंचित कमी वेळ येतो, म्हणजे इंग्रजीच्या वाट्याला साधारण अर्धा तास. समानार्थी शब्द, विरामचिन्हे, काळ, शब्दयोगी अव्यये यांवरचे सुटे प्रश्न तू अर्ध्या मिनिटात सोडवू शकलीस, तर वाचलेला वेळ आपोआप उताऱ्यांकडे जातो. म्हणून उतारा वेगाने वाचण्याची धडपड करण्याआधी सुटे प्रश्न विनासायास सुटतील इतके पक्के कर.

उताऱ्यात मात्र प्रश्न आधी वाच, पर्याय वाचू नकोस. चुकीचे पर्याय उताऱ्यातलेच शब्द घेऊन बनवलेले असतात. ते आधी डोक्यात बसले तर वाचताना मन त्यांच्याच बाजूने झुकते. प्रश्न वाच, उतारा वाच, मनाशी उत्तर ठरव आणि मग ते कोणत्या पर्यायात आहे ते पाहा. ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’ आणि ‘ट्रू’ या शब्दांखाली प्रश्नपत्रिकेवर रेघ ओढण्याची सवय लाव, कारण उत्तर येत असलेल्या मुलीही या शब्दांवर गुण गमावतात. आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांचे दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. ही सूचना घाईत वाचायची राहून जाते. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडव. बाकीच्या दिवशी घड्याळ बाजूला ठेव आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो का चुकला ते एका ओळीत मराठीत लिही. शब्द माहीत नव्हता, प्रश्न नीट वाचला नाही, की उताऱ्यात नसलेले काही गृहीत धरले? महिन्याभरात तुझी नेमकी अडचण तुझ्याच वहीत दिसू लागेल.

प्रश्न : आमची मुलगी मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली आहे. इतिहास, विज्ञान सारेच आता इंग्रजीत आहे. तिला विषय समजतो, पण पेपर कोरा राहतो. घरी इंग्रजीतच बोलावे, असे काही जण सुचवतात. – एक पालक, पेडणे, गोवा

उत्तर : चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात जाण्याचा हा टप्पा गोव्यातील असंख्य मुले ओलांडतात आणि पहिले वर्ष बहुतेकांना जड जाते. घरातली भाषा बदलू नका. मुलीला विषय समजतो आहे तो मराठीमुळेच, आणि तोच आधार काढून घेतला तर समजही जाईल आणि मोकळेपणाही जाईल.

पेपर कोरा राहण्याचे एक कारण बरेचदा लक्षात येत नाही, ते म्हणजे प्रश्नाने काय करायला सांगितले आहे हेच मुलांना कळत नाही. ‘फिल इन द ब्लँक्स’, ‘मॅच द कॉलम्स’, ‘गिव्ह रीझन्स’, ‘डिफाइन’, ‘डिस्क्राइब’, ‘डिस्टिंग्विश बिट्वीन’, ‘नेम द फॉलोइंग’ असे पंधरा-वीस आदेश सर्व विषयांच्या प्रश्नपत्रिकांत फिरून फिरून येतात. धड्यांतल्या कठीण शब्दांच्या मागे लागण्याआधी हे आदेश तिला पाठ नव्हे, तर करून माहीत असू द्यावेत. ‘गिव्ह रीझन्स’ म्हटले की ‘बिकॉज’ येणार आणि ‘डिस्टिंग्विश’ म्हटले की दोन रकाने पाडायचे, इतके तिला कळले तरी पान कोरे राहणार नाही. विज्ञानाच्या पुस्तकात ‘वॉटर इज हीटेड’ अशी वाक्ये फार येतात, ज्यांत पाणी कोणी तापवले ते सांगितलेलेच नसते. मराठीत आपण ‘पाणी तापवले जाते’ म्हणतो, तोच हा कर्मणी प्रयोग आहे हे दाखवून दिले की अशी वाक्ये तिला परकी वाटणार नाहीत. धडा वर्गात होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यातील आशय मराठीत बोलून घ्या. दुसऱ्या दिवशी तिला फक्त भाषेशी झगडावे लागेल, विषयाशी नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. फळ्यावरचा निबंध मुले सुबक अक्षरात उतरवतात, पण स्वतः लिहा म्हटले की वर्ग गप्प होतो. जी मुले लिहितात त्यांची प्रत्येक ओळ लाल होते. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असल्यामुळे काळजी वाटते. – एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सर, लाल ओळींपासूनच सुरुवात करतो. ‘माय फादर इज फार्मर’, ‘ही गो टू मार्केट’, ‘आय वॉज गो’ आणि ‘माय टू सिस्टर्स आर’ ही वाक्ये अडाणीपणाची नाहीत. मुले मराठीत नीट विचार करून ती लिहितात. ‘माझे वडील शेतकरी आहेत’ या वाक्यात ‘अ’ कोठेच नाही. ‘गेलो होतो’मधला ‘होतो’ मुलाला ‘वॉज’ वाटतो. ‘मला दोन बहिणी आहेत’मधल्या ‘आहेत’साठी इंग्रजी ‘हॅव’ वापरते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चूक कोठून आली ते मुलाला दाखवले तर ती सुटते. नुसती लाल केली तर मूल लिहिणेच सोडते. म्हणून एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक तपासावी. या आठवड्यात फक्त ‘अ’ आणि ‘द’, पुढच्या आठवड्यात फक्त क्रियापदाचा ‘एस’. बाकीच्या चुका त्या वेळी तशाच राहू द्याव्यात. तपासणीचा आपला भार हलका होईल आणि मुलाला लक्ष कोठे द्यायचे ते कळेल.

वर्ग गप्प होतो, कारण ‘निबंध लिहा’ ही मागणी फार मोठी आहे. पाच वाक्ये मागा, आणि ती मुलाच्या स्वतःच्या दिवसाविषयी असू द्या : मी केव्हा उठतो, पाणी केव्हा आणतो, शाळेला कसा येतो. ही पाच वाक्ये ‘आय’ने सुरू होतील. दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद ‘माय सिस्टर’विषयी लिहायला सांगा; सगळी क्रियापदे बदलावी लागतील आणि ‘एस’ का लागतो ते हाताला कळेल. तिसऱ्या दिवशी तोच परिच्छेद ‘यस्टर्डे’ने सुरू करा, सगळे भूतकाळात जाईल. आशय तोच राहिल्यामुळे मुलाचे सारे लक्ष वाक्याच्या घडणीकडे राहते. व्याकरणाचे तक्ते पाठ करून घेण्यापेक्षा या एका परिच्छेदावर तीन दिवस घालवणे मला अधिक फलदायी वाटते.

त्यानंतर मुद्द्यांवरून गोष्ट घ्यावी. मुद्द्यांत ‘थर्स्टी क्रो – पॉट – लिटल वॉटर – पेबल्स’ इतकेच असते; क्रियापदे, काळ, ‘अ’, ‘द’ हे सगळे मुलालाच भरायचे असते आणि गोष्ट माहीत असल्याने काय लिहावे हा प्रश्न पडत नाही. पत्रलेखनात पत्ता, दिनांक, मायना आणि शेवट यांचा आराखडा दोन तासांत पक्का होतो, त्यात अधिक वेळ दवडू नये; मजकुराची चार वाक्ये मात्र मुलाची स्वतःची असावीत. आपल्याच गावातील हातपंप बिघडल्याचे पत्र ग्रामपंचायतीला लिहायला सांगितले, तर मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. वार्षिक परीक्षेचे म्हणाल, तर पाठ केलेला निबंध विषय थोडा बदलला की निरुपयोगी ठरतो, आणि स्वतः पाच साधी शुद्ध वाक्ये लिहू शकणारे मूल कोणत्याही विषयावर काही ना काही लिहून येते.

प्रश्न : नातू सहावीत आहे. स्पेलिंग रोज दहा-दहा वेळा लिहून घेतो, तरी परीक्षेत चुकतो. – एक आजोबा, सातारा

उत्तर : दहा वेळा लिहिताना तिसऱ्या वेळेनंतर हात लिहितो आणि मन दुसरीकडे असते. शब्द एकेकटे न घेता कुटुंबाने घ्यावेत. ‘लाइट’, ‘नाइट’, ‘राइट’, ‘फाइट’ यांच्या शेवटी आय-जी-एच-टी येते. ‘नी’, ‘नाइफ’, ‘नॉक’ यांच्या सुरुवातीला न उच्चारला जाणारा के येतो. नातवाने शब्द पाहावा, झाकावा, आठवून लिहावा आणि उघडून स्वतःच ताडून पाहावा. चुकलेलाच शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा, मग आठवड्याने आणखी एकदा; बरोबर आलेले शब्द पुन्हा लिहून घेऊ नयेत. आणि प्रत्येक शब्दाचे एक वाक्य त्याने आपल्याला मोठ्याने वाचून दाखवावे.