पोस्टवरून उष्णतेची लाट मोजताना

समाजमाध्यमांवरच्या पोस्टमधून उष्णतेची लाट शोधायला विदर्भापासून सुरुवात करत असाल तर नुसता ‘तापलं’ शब्द शोधू नका. निवडणुकीत राजकारणही तापतं! ‘ऊन लागलं’, ‘चक्कर’, ‘लाईट गेली’, ‘कूलर बंद’ घ्या. नागपूरसाठी हिंदीतला ‘लू’ (उन्हाळ्यातला गरम वारा) आणि रोमन लिपीतलं मराठीही हवंच. आधी 300 पोस्ट दोघांनी वेगवेगळ्या वाचून, कुठली खरंच उन्हाच्या त्रासाची आहे त्यावर खुणा करा. जिथे मतं जुळत नाहीत तिथे व्याख्या कच्ची आहे. फॉरवर्ड गाळा. अशा पोस्टचा आकडा दर हजार पोस्टमागे काढा, नाहीतर सुट्टीची गर्दीच लाट वाटेल. पोस्टची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. रात्रीचा उकाडा त्याशिवाय दिसत नाही. हवामान खात्याचा लाटेचा मैदानी भागासाठीचा निकष म्हणजे कमाल तापमान 45 अंश, किंवा निदान 40 अंश आणि सरासरीहून 4.5 अंश जास्त; तो ज्या तारखांना पूर्ण झाला त्यांच्याशी आकडा ताडा. वीटभट्टीवरचा मजूर मात्र पोस्ट टाकत नाही. त्याच्यासाठी रुग्णालयातल्या नोंदीच बघाव्या लागतात.